सतरा जणींच्या यादीत घरची मुलगी

त्सुकुबा,
रविवार दुपार

ती. स्व. मोरेश्वरमामांच्या चरणी सुलेखाचा साष्टांग नमस्कार. (कागदावर साष्टांग घालणं सोपं असतं. मध्यंतरी इथल्या मैदानावर खराखुरा घातला, तेव्हा मला उठवायला दोघीजणी लागल्या. ते पुढे येईलच.)

गुडघा कसा आहे? गीतामामी फोनवर म्हणाल्या की डॉक्टरांनी तुमचे जिने बंद केले, म्हणून तुम्ही डॉक्टर बंद केले. मामा, तीस वर्षं जिल्ह्याच्या कबड्डी निवड समितीवर बसलात तेव्हा किती खेळाडूंना 'गुडघा बरा होईपर्यंत बाहेर' असं ठणकावलं असेल तुम्ही. आता तोच नियम स्वतःला लावा. आम्ही इथे सगळे खुशाल. तुमच्या जावयाचं, रणजितचं, संशोधन केंद्र आणि त्याची सायकल दोन्ही व्यवस्थित चालू आहेत. मोबाइलवर पाठवलेल्या मजकुराला तुमच्याकडून फक्त जोडलेले दोन हात येतात, आणि ते मामींनी दाबलेले असतात हे मला ठाऊक आहे. म्हणून हे कागदावर. एक मोठी बातमी आहे, पण ती आत्ताच सांगितली तर तुम्ही पत्र घडी करून पेपरात ठेवाल आणि मग ते रद्दीत जाईल. तेव्हा धीर धरा.

आमची नेत्रा आता एकोणीस वर्षांची झाली, इथल्या विद्यापीठात जाते आणि रग्बी लीग खेळते, हे तुम्हाला माहीत आहे. 'रग्बी' म्हटलं की इथल्या लोकांना पंधराजणांचा खेळ आठवतो. त्याला स्टेडियमं भरतात. आमचा तेराजणींचा. त्याला स्टेडियम नाही, पण पार्किंग चांगलं आहे. तुमच्या भाषेत सांगायचं तर आपल्याकडे पकडलं की गडी बाद, इथे पकडलं की गडी उठतो, चेंडू पायाखालून मागे सरकवतो आणि पुन्हा पळापळ सुरू. असं पाचदा झालं तरी चालतं, सहाव्यांदा पकडलं की चेंडू समोरच्यांना देऊन टाकायचा. म्हणजे कबड्डीच, फक्त दम न धरता आणि 'कबड्डी कबड्डी' न म्हणता. सगळ्या देशात मुलींचे चार क्लब आहेत: आमचा त्सुकुबाचा, एक नागोयाचा, एक टोकियोत तोयोसूचा आणि एक योकोहामाचा. या चार क्लबांतून जपानचा राष्ट्रीय संघ निवडायचा होता, कारण नोव्हेंबरात दक्षिणेकडच्या बेटांवरून एक पाहुणा संघ येणार आहे. नेत्राचा पासपोर्ट आपला असला तरी या खेळात ठरावीक वर्षं देशात राहिलेली मुलगी चालते, आणि ती तर पाच वर्षांची असल्यापासून इथेच आहे. तेव्हा ती संघात बसू शकत होती. बसणार की नाही, एवढाच प्रश्न होता.

आता यात मी कुठून आले? मी फक्त तिला गाडीने सोडायला जायचे. इथे सोडायला गेलेली आई नुसती उभी राहिली तर ते बरं दिसत नाही, म्हणून आयांच्या पाळीप्रमाणे मी लिंबं कापून मधात घालायला लागले. एकदा मैदानाच्या कडेला उभी असताना आमची एक मुलगी पळणारीच्या मागे निव्वळ हात हलवत धावताना दिसली आणि मला राहवलं नाही. तुम्ही शिकवलेली घोट्याची पकड मी तिला करून दाखवली. (हाच तो साष्टांग.) मी पडले, पण ती पळणारीही पडली, आणि ती बावीस वर्षांची होती. पुढच्या रविवारपासून क्लबच्या ओनो-सानांनी (या एरवी पोस्टात काम करतात; 'सान' म्हणजे आपलं 'जी') माझ्या नावाची चिठ्ठी लावली, 'पकड सल्लागार'. पुढे संघटनेचे अध्यक्ष हिराता-सान म्हणाले की निवड समितीत कोणत्याही क्लबची नसलेली, कोणत्याही विद्यापीठाची माजी नसलेली एक तटस्थ व्यक्ती हवी. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मी म्हटलं, माझी मुलगीच उमेदवार आहे, मी तटस्थ कशी? ते म्हणाले, समितीत सगळ्यांचंच कोणी ना कोणी आहे, माझी तर बायकोच त्सुकुबाची कप्तान आहे. मी हो म्हटलं. आणि खरं सांगू का मामा, मला आतून फार बरं वाटलं. निवड समिती. तुमच्यासारखी.

हिराता-सान दातांचे डॉक्टर. समितीची सभा त्यांच्या दवाखान्यात, सुट्टीच्या दिवशी, बाहेरच्या बाकांवर भरते. समोर माशांची पेटी आणि भिंतीवर 'हिरड्या जपा' असं चित्र. आपल्याकडे निवड समितीची सभा कशी असते हे मी लहानपणी तुमच्या दाराला कान लावून ऐकलेलं आहे. प्रत्येकजण आपल्या तालमीच्या पोराला अर्जुन ठरवतो आणि दुसऱ्याच्या पोराला चहावाला. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी त्याच तयारीने गेले होते. रणजितने मला संगणकावर तक्ता करून दिला होता: खेळाडूचं नाव, पळणं, पकड, चेंडू हाताळणं, आणि प्रत्येकाला दहापैकी गुण. प्रतिनिधी बोलतील तसे मी आकडे भरायचे, शेवटी बेरीज आपोआप.

पहिल्यांदा नागोयाचे मोरिता-सान बोलले. हे मोटारींच्या कारखान्यात अभियंते आहेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ते म्हणाले की आमच्या मुली अजून फार कच्च्या आहेत, त्यांना इथे आणायचीच मला लाज वाटते, त्सुकुबाच्या मुलींकडून आम्हाला खूप शिकायचं आहे. मी प्रामाणिकपणे त्यांना तीन-तीन गुण दिले. मग ओनो-सान म्हणाल्या की त्सुकुबाच्या मुली तर नुसत्या धांदरट, नागोयापुढे काय टिकणार? मी दोन-दोन दिले. तोयोसूच्या बाईंनी तर आपल्या सर्वांत वेगवान मुलीबद्दल 'पायात पाय अडकतात' असं सांगितलं. मी पळण्यात एक गुण दिला आणि मनात म्हटलं, बापरे, जपानची अवस्था एवढी वाईट आहे हे बाहेर कोणाला माहीत नाही. शेवटी योकोहामाचे ग्रेग-सान. हे ऑस्ट्रेलियाचे, शाळेत इंग्रजी शिकवतात. ते उभे राहिले आणि म्हणाले की माझ्या सगळ्या मुली जगात कुठेही खेळतील. मी त्यांना सरसकट दहा-दहा देऊन टाकले. माणूस इतक्या खात्रीने बोलतो म्हणजे असेलच काहीतरी.

मग नेत्राचं नाव आलं. ओनो-सान म्हणाल्या, ती लहान आहे, अजून पुष्कळ शिकायचं आहे, आणि आईंना तर आमच्यापेक्षा जास्त माहीत. सगळे माझ्याकडे वळले. मामा, तुम्हीच सांगा, चारचौघांत आपल्या मुलीचं नाव निघालं तर आपल्याकडची आई काय बोलते? मी तेच बोलले. म्हटलं, छे हो, कसलं काय, सकाळी उठवून उठवून घसा बसतो, या महिन्यात चार काचेचे ग्लास फोडले तिने, खाल्लेलं ताट जागचं हलत नाही. सगळे अदबीने हसले. हिराता-सानांचे सहायक सभेचा वृत्तान्त लिहीत होते, त्यांनी तो नंतर छापून वाटला. त्यात नेत्राच्या नावापुढे होतं: 'चेंडू हाताळणं: हातातून वस्तू निसटतात, या महिन्यात चारदा. तयारी: सकाळच्या सरावाबद्दल शंका. माहिती आईकडून.' आता मुलीची आई समितीत बसून सांगते म्हटल्यावर कोण शंका घेणार?

सभा संपताना मी तक्त्याची बेरीज वाचून दाखवली. सतराजणींची यादी (तेरा मैदानात, चार राखीव). त्यात अकरा योकोहामाच्या. त्यांतल्या एकीचा हात प्लॅस्टरमध्ये होता आणि एक सातव्या महिन्यात होती. नागोयाच्या तीन, तोयोसूच्या दोन, त्सुकुबाची एक, हिराता-सानांच्या बायको, कारण त्यांना दोन गुण देण्याची माझी हिंमत झाली नव्हती. यादी ऐकून सगळे म्हणाले की फारच अभ्यासपूर्ण काम आहे, यावर सावकाश विचार करू. मी खूश होऊन घरी आले. इथे 'सावकाश विचार करू' म्हणजे काय, हे मला चौदा वर्षं राहूनही त्या दिवशी समजलं नाही.

नेत्राला वृत्तान्त क्लबकडून मिळाला. ती रागावली की जपानी बोलते, जास्त रागावली की इंग्रजी. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि मराठीत बोलली, अगदी शांतपणे, एकाही शब्दावर न अडखळता. "आई, तुझ्या मामांनी तुझं केलं तेच तू माझं केलंस."

मामा, ही गोष्ट मी तिला नेहमी गंमत म्हणून सांगत आले आहे. सत्त्याण्णव साली जिल्ह्याच्या संघाची यादी लागली तेव्हा मी सांगलीतली सगळ्यात चांगली चढाई करणारी होते (हे मी आज म्हणते, तेव्हा म्हटलं नव्हतं), आणि माझं नाव यादीत नव्हतं, कारण समितीत माझे सख्खे मामा होते. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, पोरीचा दम कमी आहे. आमच्या मामांचा न्याय बघा किती कडक, असं सांगून मी आजवर चार देशांतल्या पाहुण्यांना हसवलं आहे. नेत्राही हसायची. त्या दिवशी ती हसत नव्हती, आणि मला जाणवलं की ती कधीच हसत नसावी. मी तिला म्हटलं, अगं मी वाईट म्हणून बोलले नाही, आपल्या माणसाचं आपण कौतुक करत नाही. ती म्हणाली, मग कोण करणार? आणि तिच्या खोलीत गेली. त्या दिवशी तिने स्वतःचं ताटही घासून ठेवलं. तेच मला सर्वांत जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी ओनो-सानांना पोस्टाच्या सुट्टीत गाठलं आणि विचारलं की तुमच्या मुली खरंच धांदरट आहेत का? त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, बाहेरच्यांसमोर आपल्या घरच्यांना मोठं करायचं नसतं, तुमच्याकडे असं नाही का? मामा, मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं. आमच्याकडे असं नाही का! हाच धडा मी आईच्या मांडीवर शिकले, दुसऱ्यांना शिकवला, आणि दुसऱ्यांनी तोच म्हटल्यावर मात्र शब्दशः खरा धरून तक्त्यात भरला. म्हणजे ते विनयाने बोलले आणि मी त्या विनयाचे गुण कापले. सांगलीच्या आपल्या शेजारच्या सरिता काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, शहाणपण पाजायला गेली आणि स्वतःच प्यायली.

आता यादी बदलायची तर ओनो-सानांनी मार्ग सांगितला. इथे सभेत काही ठरत नाही, ठरतं ते सभेच्या आधी. प्रत्येकाकडे आधी जायचं, विषय न काढता बसायचं, आणि त्यांनी काढला तर मान हलवायची. मला वाटलं, हे तर हळदीकुंकवाचं आमंत्रण. मग मी बेसनाचे लाडू केले, जपानी दुकानात मिळतात तशा छोट्या डब्यांत सहा-सहा बसवले, आणि निघाले. तोयोसूच्या बाईंकडे हवा, समुद्र आणि लिफ्टची दुरुस्ती या तीन विषयांवर एक तास गेला. मोरिता-सानांसाठी मी नागोयापर्यंत गेले, तिथे त्यांनी लाडू खाताना विचारलं की याची पकड घट्ट कशी राहते, यात काय घालता? मी म्हटलं, तूप आणि संयम. अवघड होते हिराता-सान. ते दवाखान्याखेरीज कुठे भेटत नाहीत. शेवटी मी दात साफ करायची वेळ घेतली. खुर्चीत आडवी, तोंडात नळी आणि आरसा, आणि मग ते सुरू झाले, की यादीबद्दल मलाही रात्री झोप नाही, पण तुम्ही इतके कष्ट घेतले होते, म्हणून कोणी बोललं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा एका चर्चेत फक्त ऐकून घेतलं. दोन दातांना कीड निघाली ती वेगळीच.

मग दुसरी सभा झाली. आता सगळं आधीच ठरलेलं होतं, मी फक्त गप्प बसायचं होतं. हिराता-सान म्हणाले की तक्ता बाजूला ठेवू आणि पुन्हा एकदा प्रत्येक नाव घेऊ. मोरिता-सान उभे राहिले आणि सवयीने म्हणाले, आमच्या मुली अजून कच्च्या आहेत. ओनो-सान म्हणाल्या, आमच्याही. गाडी तिथेच अडकणार हे मला दिसलं. आणि नेत्राचं नाव आल्यावर पुन्हा सगळे वळले माझ्याकडे. माझ्या तोंडात अगदी तयार होतं, 'छे हो'. मी उभी राहिले. 

"माझी मुलगी चांगली खेळते," मी जपानीत म्हटलं. "मी तिची आई आहे म्हणून नाही. मी बघते म्हणून सांगते. ती चांगली खेळते."

 मला वाटलं, संपलं, आता आम्हाला त्सुकुबातून परत सांगलीला धाडतील. मोरिता-सानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते हळू आवाजात म्हणाले की आमची तानिगुची, खरं म्हणजे, पकडीत तिच्यासारखी या देशात दुसरी कोणी नाही. असं बोलून ते इतके लाल झाले की मला पाणी आणावंसं वाटलं. तोयोसूच्या बाई म्हणाल्या, आमच्या मुलीच्या पायात पाय अडकत नाहीत, ते मी उगीच म्हटलं, ती पळते तेव्हा मागचे दिसत नाहीत. ओनो-सान तर आपल्या सहाजणींबद्दल इतकं बोलल्या की पोस्टात त्यांना कधी कोणी बोलू देत नसावं. आणि हे सगळं ऐकून ग्रेग-सान उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या मुलींना अजून थोडं शिकायचं आहे, चारजणी तयार आहेत, बाकीच्या पुढच्या वर्षी. त्या सातव्या महिन्यातल्या बाईंनाही त्यांनी मोठ्या मनाने वगळलं.

तर ही बातमी: यादी लागली आणि तिच्यात तुमची नात नेत्रा आहे. राष्ट्रीय संघात. जपानच्या. चेंडू हातात घेऊन पळते तेव्हा ती मला दिसते तशी तुम्ही पाहिली असतीत तर गुडघा विसरून जिने उतरला असतात. यादी मी तिला दाखवली तेव्हा ती आधी जपानीत काहीतरी पुटपुटली, आणि मग मराठीत म्हणाली, "आई, तू खरंच तसं म्हणालीस सगळ्यांसमोर?" मी हो म्हटलं. ती मला मिठी मारून रडली, आणि मी पण. मला तिचा फार अभिमान वाटतो. हे मी तिच्यासमोर म्हटलं आणि आभाळ काही कोसळलं नाही.

मामींना नमस्कार. रणजित तुम्हाला नमस्कार सांगतो आणि म्हणतो की तक्ता चुकीचा नव्हता, आकडे चुकीचे होते. गुडघ्यावर बसू नका.

तुमची भाची,
सुलेखा

ता. क. मामींना सांगा, गोडा मसाला संपला आहे. रणजितचा भाऊ मोहन डिसेंबरात इकडे येतो आहे, त्याच्याबरोबर अर्धा किलो द्यावा. त्याच्या बॅगेत जागा नसते असं तो म्हणेल, ऐकू नये.

ता. क. २. एक सांगायचं राहिलं. नेत्राचा नंबर सतरावा आहे, म्हणजे राखीवांतली शेवटची. चार-पाचजणी पडल्याशिवाय तिला मैदानात उतरवणार नाहीत. तानिगुची तिच्यापेक्षा चांगली आहे, आणि मीच दुसऱ्या सभेत तिला वर ठेवलं. त्याबाबत तुमच्या भाचीने न्याय केला आहे, काळजी नसावी.

ता. क. ३. मामा, पत्र मी यासाठी लिहिलं. सत्त्याण्णव सालचं मी गंमत म्हणून सांगत आले, पण ती मला कधीच गंमत वाटली नाही. त्या वर्षानंतर मी पुन्हा मैदानात उतरले नाही. माझा दम खरंच कमी होता की मी घरची होते म्हणून तुम्ही तसं म्हणालात, एवढंच मला हवं आहे. दम कमी असेल तर तसं लिहा, मला राग येणार नाही. पण मी चांगली खेळत होते असं असेल, तर तेवढं एक वाक्य तुमच्या हाताने लिहून पाठवा. आता मी एकोणपन्नासची झाले, तुम्ही निवृत्त, समितीतले बाकीचे तिघे राहिले नाहीत. वशिल्याचा आरोप करायला आता कोणी उरलेलं नाही.